झाडीपट्टीची रंगभूमी : रसिकांच्या बळावर झालेली वाटचाल

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडयांना सुरुवात होते. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची, असे त्यांचे दिवस पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. दिवसा बाजार भरतो. शिंगाडे, ऊस, भजी, खेळणी, बांगड्या यांची दुकाने लागतात. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात, दुपारी चावडीसमोर खडी गंमत उभी राहते आणि रात्री गावाबाहेरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नाटकाचा पडदा वर जातो. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, मोहाडी, तुमसर, भंडारा अशा सातही तालुक्यांत हा क्रम चालतो. वैनगंगेच्या खोऱ्यात तो पुढे गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागापर्यंत पोहोचतो. या साऱ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात आणि त्याच्या गाण्या-नाटकाला झाडीपट्टीची रंगभूमी. या संस्थेला नोंदणी क्रमांक नाही, एक अध्यक्ष नाही, स्वतःची इमारत नाही. तरीही ऐकणाऱ्यांनी पदरमोड करून इतकी वर्षे सांभाळलेली दुसरी कलासंस्था पूर्व विदर्भात दाखवता येणार नाही.

या संस्थेचा पाया धानाच्या शेतीत आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांमुळे हा प्रदेश शेकडो वर्षांपूर्वीच भातशेतीचा झाला. आषाढ-श्रावणात रोवणी होते, कार्तिकात कापणी होते, पुंजणे रचले जातात आणि धान चुरून घरात येते. लाखोळी तर उभ्या धानातच फेकून पेरतात. त्यामुळे दिवाळीनंतर शेतावर फारसे काम उरत नाही. हातात धानाचे पैसे आणि पुढे लांबच लांब थंड रात्री, असा हा काळ. कापणी झालेली बांधी प्रेक्षागृह झाली, बसायला तणस मिळाली आणि कष्टकऱ्याला वर्षातून एकदाच मिळणारी उसंत रंगभूमीच्या वाट्याला आली. आजही झाडीपट्टीचा नाट्यहंगाम दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत चालतो. त्यामागचे कारण हेच.

सर्वांत जुना टप्पा दंडारीचा. शेतकरी, शेतमजूर, सुतार, लोहार अशा बारा हातांनी उभी केलेली ही कला. तिच्यात गणाने आरंभ होतो, मग गाणे, नाच आणि सोंगे येतात. कधी पुराणातला प्रसंग घेतला जातो, कधी गावातलाच एखादा तंटा. गळ्यात ढोलकी अडकवलेला वादक आणि पायात घुंगरू बांधलेले गडी एकमेकांच्या चालीवर चाल करतात. संवाद लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती. जो तो आपल्या अकलेने बोलायचा, आणि बोलणे फसले तर समोर बसलेले जाणते म्हातारे त्याला तिथल्या तिथे सांगायचे. रसिकाचा हा अधिकार दंडारीपासून चालत आला आहे. दंडारीसोबत डहाका, गोंधळ, भारूड आणि कीर्तन हेही याच मातीत नांदले. महानुभाव पंथाचे एक आद्य अनुयायी नीळभट्ट हे भांडारेकर म्हणून ओळखले गेले. म्हणजे तेराव्या शतकातच भंडाऱ्याचे नाव मराठी भक्तिपरंपरेत पोहोचले होते. सांगण्याची आणि ऐकण्याची सवय या भूमीला तेव्हापासूनची आहे.

दुसरा टप्पा खडी गंमतीचा. भंडारा जिल्ह्याला अभिमानाने आपला म्हणावा असा हा प्रकार आहे आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. यात कलावंत उभे राहून गातात. मध्ये शाहीर, त्याच्या हाती डफ, मागे झीलकरी, जोडीला ढोलकी, तुणतुणे, चोनके आणि मंजिरी. स्त्रीवेषातला नाच्या पावले टाकतो आणि गमत्या मधूनच शाहिराला आडवा प्रश्न विचारून हशा पिकवतो. गण होतो, गौळण होते, पुढे लावणी आणि मग प्रसंग. पण खरा कस लागतो तो दोन पार्ट्या समोरासमोर आल्यावर. कलगी आणि तुरा ही शाहिरीतली जुनी परंपरा. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा. पुराण, पंचांग, शेती आणि संसार यांपैकी कोणत्याही अंगाने सवाल येऊ शकतो. जवाब अडला की सारे गाव ते पाहते आणि पुढच्या मंडईपर्यंत विसरत नाही.

या सामन्यांनी रसिकांची एक जातच निर्माण केली. अमुक शाहिराची पार्टी म्हटले की वीस-वीस किलोमीटर पायी जाणारे लोक या जिल्ह्यात होते. आजही तितकेच अंतर मोटारसायकलने कापणारे आहेत. कोणत्या शाहिराने कोणत्या गावात कोणता सवाल केला, कोणाच्या ढोलकीवाल्याने पार्टी सोडली, कोणाचा नाच्या म्हातारा झाला, याची तोंडपाठ माहिती ते बाळगतात. यांतल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती, पण चाल चुकली तर ती नेमकी कोठे चुकली हे ते सांगत. नामांकित शाहिराइतकाच मान अशा जाणकार श्रोत्यालाही मिळत असे. त्याला पुढे बसवत, विडा देत आणि निवाडा त्याच्याकडून घेत.

तिसरा टप्पा नाटकाचा. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, हे मराठी नाट्येतिहासातले मोठे टप्पे. झाडीत नाटक आले तेव्हा दंडारीवर पोसलेला प्रेक्षक आणि नट इथे आधीच तयार होता. त्यामुळे त्याला रुजायला वेळ लागला नाही. गावोगावी हौशी मंडळे निघाली. गावातला शिक्षक किंवा पाटील दिग्दर्शक व्हायचा. पोळा झाला की तालमी सुरू व्हायच्या. गणेशाचे पूजन करून नाटकाची वही उघडायची आणि महिनाभर रोज रात्री कंदिलाच्या उजेडात संवाद घोकायचे. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पेटी आणि तबला वाजवणारे दूरच्या गावाहून येत, कोणाच्या तरी ओसरीवर मुक्काम करीत आणि गावच्या चुलीवर जेवत. पडदे भाड्याने आणायचे, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या पेटवायच्या आणि रात्री दहाला सुरू झालेले नाटक पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालवायचे. तिकिटाचे जे पैसे जमत त्यांतून शाळेची भिंत, देवळाचा कळस किंवा गावची विहीर झाल्याची उदाहरणे झाडीपट्टीत अनेक गावांत सांगितली जातात.

संगीताचे स्थान या नाटकात वेगळे आहे. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर नाट्यसंगीत हळूहळू मागे पडले, झाडीपट्टीत मात्र संगीताशिवाय नाटक उभेच राहिले नाही. मंचाच्या पुढे, प्रेक्षकांच्या आणि नटांच्या मधोमध वादकांची जागा असते. पेटी, तबला आणि ढोलक आधीपासून होते, पुढे ऑर्गन, बाँगो, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले. प्रवेशाआधी वाजणारी धून ऐकूनच पुढे रडायचे आहे की हसायचे, हे प्रेक्षकाला उमगते. नट गाताना अडखळला तर पेटीवाला सुरात घेऊन त्याला सावरतो. झाडीपट्टीतील नाटकांच्या यशात या वादकांचा वाटा मोठा आहे आणि जाहिरातीच्या फलकावर त्यांची नावे नटांच्या बरोबरीने छापण्याची इथली रीत योग्यच म्हटली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर काळ झपाट्याने बदलला. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि लोकगीते घरात ऐकू येऊ लागली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी गावोगाव मंडळे उभी केली. त्या मंडळांतले कितीतरी गळे पुढे रंगमंचावर आले. ध्वनिक्षेपक आला आणि हजारोंच्या जमावाला शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोहोचू लागले. पण तालुक्याच्या गावी टुरिंग टॉकीजही आली, आणि तिच्यामागून दूरचित्रवाणी व व्हिडिओ. दंडारीचे गडी कमी झाले. नाच्याचे काम करायला नव्या पिढीतली मुले लाजू लागली. गावच्या हौशी मंडळांना महिनाभराची तालीम परवडेना, कारण तरुण मंडळी कामासाठी नागपूर, भिलाई, रायपूरकडे जाऊ लागली होती. अनेक गावांत नाटकाची वही ट्रंकेत गेली ती कायमचीच. हा काळ कठीण होता, हे मान्य केले पाहिजे.

त्यातून मार्ग निघाला तो व्यावसायिक कंपन्यांच्या रूपाने. गोंदिया-चांदा रेल्वेवरचे वडसा, म्हणजे देसाईगंज, हे बाजाराचे गाव. लाखांदूर, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा या चारी बाजूंनी तेथे ये-जा सोपी. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये उघडली आणि पाहता पाहता वडसा झाडीपट्टीच्या नाटकाची पेठ झाली. कंपनीने लेखक, नट, नट्या, वादक, नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनी असा सारा संच उभा करायचा, गावच्या मंडळाने जागा, मंडप, परवाने आणि तिकीटविक्री पाहायची, अशी कामाची वाटणी झाली. स्त्रीभूमिकेत स्त्रिया आल्या. नागपूरच्या अभिनेत्री आल्या, पुढे मुंबई-पुण्याचे कलाकारही हंगामापुरते येऊ लागले. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या लेखक-दिग्दर्शकांनी शेतकरी आत्महत्येसारखे विषय या मंचावर आणले आणि शेतकरी प्रेक्षकांनी ते रात्र रात्र बसून पाहिले. कंपनी आल्यावरही जोखीम मात्र गावाकडेच राहिली. अवकाळी पाऊस आला, तिकिटे खपली नाहीत, तरी ठरलेली रक्कम द्यावीच लागते. ती भरण्यासाठी वर्गणी काढणारी आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाटक ठरवणारी मंडळे हे या संस्थेचे खरे आधारस्तंभ होत.

प्रेक्षकांनीही व्यावसायिक काळात आपला जुना बाणा सोडला नाही. नाटक ठरले की लेकी-जावयांना निरोप जातात. घर पाहुण्यांनी भरते, ओसरीवर अंथरुणे पडतात, दूधदुभत्याची तजवीज आधीपासून होते. अनेक सोयरिकी नाटकाच्या निमित्ताने जुळल्या आहेत. संध्याकाळ झाली की छकडे, ट्रॅक्टर, मोटारसायकली बांधीकडे निघतात. घोंगडी, चादर, पोते आणि लहान मुलाला झोपवायला उशी, असा सारा सरंजाम बरोबर असतो. मध्यरात्री कडाक्याच्या थंडीतही कोणी उठत नाही. करुण प्रसंगाला बायाबापड्या पदराने डोळे पुसतात आणि नटाने पाट्या टाकल्या तर शिट्टी वाजवून त्याला भानावर आणले जाते. नाटक आवडले तर तेच नाटक दुसऱ्या गावी पुन्हा पाहायला जाणारे असंख्य आहेत. एका हंगामात एका नाटकाचे अनेक प्रयोग होतात ते या लोकांच्या जिवावर.

या परंपरेला अभ्यासाचे अधिष्ठान मिळाले ते साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यामुळे. त्यांनी दंडारीवर संशोधन केले, झाडीबोलीचे शब्द जमवले आणि ज्या बोलीला शहरात हसत असत ती सन्मानाने लिहिण्याजोगी आहे हे दाखवून दिले. १९९० नंतरच्या दशकात झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली. कवी, शिक्षक आणि नाट्यलेखक त्यांत एकत्र आले. १९८६ पासून नागपूरला असलेल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रामुळे पूर्व विदर्भातील लोककलांना राज्याबाहेरच्या मंचाची वाटही जवळ आली.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकालाही एक संगीत श्रोत्यांच्याच बळावर उभे राहत होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या बेलव्हिल या छोट्या शहरातील ‘अंकल टुपेलो’ या बँडने १९९० मध्ये आपला पहिला अल्बम काढला. रॉकचा जोर आणि खेड्यातल्या जुन्या कंट्री गाण्याचा साधेपणा त्यात एकत्र आला होता. अल्बमचे नाव कार्टर फॅमिली या जुन्या गायक कुटुंबाच्या गाण्यावरून घेतलेले. या प्रकाराला पुढे अल्टरनेटिव्ह कंट्री म्हणू लागले. मोठ्या कंपन्यांच्या बाजारात त्याला फारशी जागा नव्हती. तो टिकला तो श्रोत्यांमुळे. १९९५ मध्ये सिएटलहून त्याच अल्बमच्या नावाने या संगीतासाठी नियतकालिक निघाले. २००८ मध्ये पंचाहत्तराव्या अंकानंतर त्याची छपाई थांबली आणि २०१५ मध्ये ते पुन्हा छापील रूपात आले. ‘अंकल टुपेलो’ १९९४ मध्ये फुटल्यावर त्यातून ‘विल्को’ आणि ‘सन व्होल्ट’ हे दोन बँड झाले. ‘विल्को’चा एक अल्बम त्यांच्या कंपनीने नाकारला तेव्हा त्यांनी तो २००१ मध्ये इंटरनेटवर लोकांना मोफत ऐकू दिला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने तो बाजारात आणला. महाराष्ट्रातही १९८६ मध्ये मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’. चित्रपटसंगीताच्या बाहेर स्वतःची गाणी रचणाऱ्या बँडांना त्यांनी श्रोते मिळवून दिले. नागपूर-पुण्याला शिकणारी भंडाऱ्याची मुले हे संगीत ऐकतात. एखाद्या बँडच्या मागे वर्षानुवर्षे जाणारा चाहता आणि शाहिराच्या पार्टीमागे गावोगाव फिरणारा त्याचा आजोबा, यांची निष्ठा एकाच जातीची आहे. झाडीपट्टीला ती कोणाकडून शिकावी लागली नाही, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

नवे शतक उजाडता उजाडता, १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. सीमा बदलली, मंडयांचे दिवस बदलले नाहीत. पवनीजवळ गोसीखुर्द धरण उभे राहिले आणि वैनगंगाकाठची अनेक गावे उठली. पुनर्वसित वसाहतींत घरांचे नंबर पडले, शेजार बदलला. तरी मंडई आणि नाटक लोकांनी नव्या जागी नेले, हे त्यांच्या चिकाटीचे द्योतक आहे.

मोठे आघात पुढे यायचे होते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक ही झाडीपट्टीतली जोडगोळी. पटासाठी आलेली गर्दीच रात्री नाटकाला थांबायची. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि अनेक गावांतल्या नाटकांचा हक्काचा प्रेक्षक ओसरला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दरम्यान मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतरचा हंगाम जवळजवळ कोरडा गेला. हंगामाच्या कमाईवर वर्षाचे गणित बसवणारे नट, वादक, पडदेवाले, मंडपवाले आणि भजी-चहाची दुकाने लावणारे सारेच अडचणीत सापडले. कोणी मजुरीला गेले, कोणी भाजी विकली. निर्बंध उठताच मात्र तेच लोक पुन्हा वडशाला जमले.

२०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. हयातभर झाडीपट्टीच्या मंचावर विनोदी भूमिकांनी लोकांना हसवणाऱ्या या नटाचा गौरव चारही जिल्ह्यांनी आपला मानला. दिल्लीच्या सन्मानापूर्वी कित्येक दशके त्यांच्या नावावर बांध्या भरत होत्या, याचीही नोंद इथे करणे योग्य ठरेल.

उणिवा आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. काही नाटकांत विनोद सवंग होतो, चित्रपटगीतांवरचे नाच कथानकाला पोटाशी घेण्याऐवजी ढकलून देतात. जुने रसिक त्यावर उघड नाराजी व्यक्त करतात आणि त्यांच्या नाराजीची दखल लेखकांनी घेतली पाहिजे. कलावंतांना रात्रीच्या प्रयोगानंतर लगेच पुढच्या गावाला निघावे लागते, हा प्रवास धोक्याचा असतो. हंगाम संपला की बहुतेक जण पुन्हा शेतावर किंवा मजुरीवर जातात. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, पण दंडारीच्या आणि खडी गंमतीच्या गड्याजवळ आपण कलावंत असल्याचा कागद क्वचितच असतो. त्याने आयुष्यभर केलेले काम लोकांच्या आठवणीत आहे, फाईलमध्ये नाही. गावच्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी ही माहिती लिहून काढण्याचे काम हाती घेतले तर अनेक म्हाताऱ्या शाहिरांचे उत्तरायुष्य सुसह्य होईल.

आज खडी गंमतीच्या सामन्यांचे चित्रीकरण मोबाइलवर होते आणि यूट्यूबवर पोहोचते. पुण्यात कामाला असलेला साकोलीचा तरुण रात्री पाळी संपवून आपल्या भागातल्या शाहिराचा जवाब ऐकतो, आणि दिवाळीची रजा मंडईच्या तारखेप्रमाणे मागून घेतो. काही पार्ट्यांत मुली ढोलकीच्या साथीला उभ्या राहू लागल्या आहेत. वडशातल्या कार्यालयांच्या दारांवर नव्या नाटकांची रंगीत पोस्टरे दसऱ्यापूर्वीच लागतात. गावोगावचे मंडळवाले चार-पाच जण मिळून तिथे जातात, संच कोणता, वादक कोण, गाणी कशी आहेत याची चौकशी करतात, घासाघीस करतात आणि तारीख पक्की करून विसार देऊन परततात. हंगामाच्या चांगल्या तारखा सर्वांत आधी जातात, तेव्हा धान अजून बांधीतच उभे असते.